बाईंकडे गेलेलं प्रूफ

लग्न होऊन मी अलिबागला आले तेव्हा मला इंग्रजी म्हणून जे येत होतं ते कोर्ट, तिकीट, डॉक्टर आणि बटण एवढंच. किहीमच्या शाळेत मी चौथी पास झाले होते आणि नारळाच्या वाडीत वाढलेल्या मुलीला तेवढं शिक्षण पुष्कळ झालं, असं वडिलांचं मत होतं. ‘प्रूफ’ हा शब्द मी पहिल्यांदा सासरी ऐकला. ऐकला, पण विचारला नाही. नव्या नवरीने नवऱ्याला शब्दांचे अर्थ विचारले तर तो काय म्हणेल, याची धास्ती होती. मग विचारायची वेळ निघून गेली. शेजारणीशी वर्षभर बोलल्यावर तिचं माहेर कुठलं हे विचारायला जशी लाज वाटते, तसं झालं.

यांचा बाजारपेठेत लहानसा छापखाना होता. मुंबईत एका मोठ्या छापखान्यात काही वर्षं काम केल्यावर पायाने चालवायचं एक जुनं यंत्र विकत घेऊन यांनी ते बोटीने आणलं होतं. लग्नपत्रिका, कोर्टाचे छापील कागद, देवळाच्या उत्सवाची पत्रकं, कधी एखाद्या हौशी माणसाचं आरत्यांचं पुस्तक, असली कामं असत. शिशाची अक्षरं जुळवायला एक म्हातारा कोळी होता. तरुणपणी मुंबईत तो हे काम शिकला होता. मी कधी छापखान्यात गेले नव्हते. घरातली बायको बाजारात नवऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन उभी राहत नसे. त्यामुळे छापखान्यातलं मला जे कळे ते यांच्या बोलण्यातून.

आणि यांच्या बोलण्यात रोज संध्याकाळी एक वाक्य यायचंच. चहाची कपबशी खाली ठेवायची, टोपी डोक्यावर चढवायची आणि म्हणायचं, “बाईंकडे प्रूफ देऊन येतो.”

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. पुण्याहून आलेल्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता आणि त्यांच्या भावाने त्यांना शिकवलं होतं. केस राखलेले, अंगावर फिकट रंगाचं लुगडं, कपाळ मोकळं. देवळामागच्या आळीत दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहत. मी त्यांना दोन-तीनदा रस्त्यात पाहिलं होतं. दिसायला काही विशेष नव्हत्या. मी मनात वारंवार ताडून पाहिलं आणि दर वेळी हेच ठरवलं की विशेष नाहीत. पण एखादी बाई दिसायला विशेष नाही हे पुन्हा पुन्हा ठरवावं लागलं की काय समजायचं ते समजावं.

हे तिथून परत येत तेव्हा वेगळेच दिसायचे. चेहरा खुललेला असायचा. पानावर बसल्यावर सांगायचे, “आज बाईंनी एक मजेदार चूक काढली.” मग ती चूक सांगायचे. कुणाच्या तरी नावातला काना गेला आणि माणसाचं जनावर झालं, असलं काहीतरी असे. मी भात वाढत असे. मला हसू येत नसे, कारण वाढलेल्या भाताबद्दल हे इतकं कधीच बोलले नव्हते.

याच सुमाराला माझे धाकटे दीर मुंबईहून आले. मांडव्याला बोटीतून उतरून बैलगाडीने घरी पोचेपर्यंत पावसाने सगळं झोडपून काढलं होतं, पण दीर आतून कोरडे. अंगात एक काळा, रबराच्या वासाचा कोट होता. मी तो खुंटीला लावायला घेतला तेव्हा ते मोठ्या ऐटीत म्हणाले, “वहिनी, जपून. वॉटरप्रूफ आहे.”

“म्हणजे?”

दिरांना विचारायला मला लाज वाटत नसे.

“म्हणजे पाणी आत शिरू द्यायचं नाही.”

मी पडवीत पाणी गाळणारा तो कोट धरून उभी राहिले. वॉटर म्हणजे पाणी एवढं मला सासरी आल्यावर कळलं होतं. तेव्हा उरलेल्या शब्दाचा अर्थ ‘आत शिरू द्यायचं नाही’ असा होणार. हे रोज बाईंकडे नेतात ते काय, मग? आणि आत कुणाला शिरू द्यायचं नाही?

हा अर्थ काही जमेना. शेजारी एक वकील राहत. त्यांची बायको माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सगळ्या गावाची खबर ठेवणारी. एकदा वाल सोलायला आम्ही दोघी त्यांच्या ओटीवर बसलो होतो, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काकू, प्रूफ म्हणजे काय हो?”

“प्रूफ म्हणजे पुरावा,” त्या लगेच म्हणाल्या. “आमचं घर त्याच्यावरच तर चालतं. प्रूफ असलं तर केस जिंकली, नसलं तर उडाली. का गं?”

“काही नाही. हे बोलत होते.”

“छापखान्यात कसला आलाय पुरावा?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी वालाकडे पाहत राहिले.

घरी आल्यावर मात्र माझं कशात चित्त लागेना. पुरावा. माझा नवरा रोज संध्याकाळी एका परक्या बाईकडे पुरावा नेतो. कशाचा? माणूस माणसाला कशाचा पुरावा देतो? हे एकदा घरी आलेल्या कोळ्याला सांगत होते ते मी दारातून ऐकलं होतं, “पहिल्यात बाईंचं समाधान झालं नाही, दुसरं उद्या नेतो.” ते वाक्य आता मला नव्याने ऐकू येऊ लागलं. आज माझी नात हे ऐकून पोट धरून हसते. मला त्या वेळी घास गिळवत नव्हता.

आठवडाभर मी तसेच दिवस काढले. मग एक दिवस दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, माहेरून आलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळांतली एक माळ उचलली आणि देवळामागच्या आळीत गेले. एखाद्या घरी जायला काही निमित्त लागतं, आणि बाईंच्या कपाळाला कुंकू नसल्यामुळे हळदीकुंकवाचं निमित्त चालणार नव्हतं.

बाई नुकत्याच आल्या होत्या. मी कोण हे त्यांना लगेच कळलं. “या, या. तुम्ही कधी येता याची वाट पाहत होते मी,” त्या म्हणाल्या. मला हे मुळीच आवडलं नाही. माझी वाट पाहायचा यांना काय अधिकार, असं मनात आलं.

खोली स्वच्छ होती. एक चटई, एक बुटकं मेज, भिंतीत पुस्तकांचं फडताळ. मेजावर एक लांबट कागद पसरलेला होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या शाईत बारीक खुणा केलेल्या होत्या. मी कांदे खाली ठेवले. बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरले आणि कागदाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय आहे?”

“हे? हे तर तुमच्याच छापखान्यातलं प्रूफ.”

मी खाली वाकून पाहिलं. लग्नपत्रिका होती. मजकूर सरळ होता, पण अक्षरं कुठे वर उचललेली, कुठे शाई फुटलेली. एका ओळीत ‘शुभविवाह’च्या जागी ‘शुभविवाद’ झालं होतं आणि त्यावर काट मारून बाईंनी बाजूच्या समासात ‘ह’ लिहिला होता.

“एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच म्हणजे?”

मग माझ्या तोंडून सगळं निघालं. म्हणजे, सगळं नाही. वॉटरप्रूफचं आणि वकिलांच्या पुराव्याचं तेवढं निघालं. बाई हसल्या, पण मला हसल्या असं वाटू दिलं नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही चुकलेल्या नाही आहात. शब्द एकच आहे. मूळ अर्थ कस लावणं. कोर्टात बोलण्याला कस लावतात, कोटाला पाण्याचा कस लावतात आणि छापायच्या आधी मजकुराला डोळ्यांचा कस लावतात. हा कच्चा कागद. यात चूक सापडली तर अब्रू वाचते. पक्क्या छपाईनंतर सापडली तर सगळ्या गावाला दिसते.”

शिक्षिका होत्या त्या. दोन वाक्यांत समजावून दिलं. मी रस्त्याने परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. पुरावा नव्हता, काही नव्हतं, कागद होता. पण झालं उलटंच. आतापर्यंत मी एका गुपिताचा हेवा करत होते, आणि गुपित उघडं पडेल अशी आशा असते. आता हेवा करायचा तो बाईंच्या डोळ्यांचा, त्यांच्या अक्षराचा, त्या समासातल्या ठसठशीत ‘ह’चा. त्यात उघडं पडण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या नवऱ्याला जे काम सगळ्यात प्रिय होतं ते या बाईला येत होतं आणि मला येत नव्हतं. आणि कांद्यांची माळ घेऊन त्यांनी माझं तोंडभर कौतुकही केलं होतं.

पुढचे काही महिने मी बाईंवर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही. विहिरीवर जाताना मुद्दाम लांबची वाट धरून त्यांच्या दारावरून जायची. हे किती वेळ थांबतात, आत बसतात की बाहेर, दार उघडं असतं की लोटलेलं, हे सगळं मला ठाऊक असायचं. दार उघडंच असायचं. हे पायरीवर बसायचे, बाई आत मेजाशी. बोलणं अक्षरांचं. एकदा ऱ्हस्व-दीर्घावरून दोघांचा वाद चालला होता आणि माझा एरवी अबोल नवरा हातवारे करून बोलत होता. मी भरलेली घागर कमरेवर घेऊन तो वाद ऐकत उभी राहिले. पायरीवर परपुरुषासारखा बसलेला माणूस मला आवडला. हा माणूस घरी का येत नाही, असं वाटलं.

पायरीवरचं ते बसणं फक्त मलाच दिसत नव्हतं. हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली. वकिलीणकाकू एक दिवस स्वतःहून आमच्याकडे आल्या, पदर सावरून पाटावर बसल्या.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “आमचे हे शाळेच्या कमिटीवर आहेत. लोक बोलताहेत. मुलींची शाळा आहे, बाईमाणूस एकटी राहते, संध्याकाळी पुरुष येतात.”

“एकच येतात,” मी म्हटलं.

“तेच. बाईंना काढावं असं दोघा-तिघांच्या मनात आहे. पण नुसत्या बोलण्यावर कसं काढणार? प्रूफ लागतं. तू मला मागे विचारलं होतंस, तेव्हाच मी ओळखलं की तुला काहीतरी कळलंय. तू एक शब्द बोललीस की पुरे. बायकोच्या तोंडापेक्षा मोठं प्रूफ कुठलं?”

मी चुलीवरचं दूध खाली उतरवलं. एक शब्द. खोटंसुद्धा बोलायची गरज नव्हती. ‘हे रोज जातात आणि मला ते आवडत नाही’ एवढं खरं बोलले असते तरी बाईंचं सामान बोटीवर चढलं असतं. संध्याकाळी हे टोपी न घालता घरी बसले असते. मी तो विचार पूर्ण करून पाहिला. चांगला वाटला. खोटं कशाला सांगू, फार चांगला वाटला.

पण एक अडचण होती. त्या बाईवर माझ्याइतकी नजर गावात कुणी ठेवली नव्हती. बाकीचे अंदाजाने बोलत होते. मला मात्र पक्कं माहीत होतं. महिनोन्‌महिने कस लावून पाहिला होता मी, आणि खोट सापडली नव्हती. जे मला सलत होतं त्यावर कुठल्या कमिटीचा अधिकार चालत नव्हता.

“काकू,” मी म्हटलं, “काकांना सांगा, मी स्वतः पाहिलंय. दार उघडं असतं, हे पायरीवर बसतात आणि कागद तपासतात. कमिटीपुढे बोलवलंत तर तिथेही हेच सांगेन.”

“मग तुझा चेहरा असा का?”

“तो माझा चेहरा आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन.”

काकू उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “भोळी आहेस.” मी भोळी नव्हते.

संध्याकाळी यांनी टोपी उचलली तेव्हा मी हात पुढे केला. “प्रूफ माझ्याकडे द्या. आजपासून मी नेणार.”

“तू? कशाला?”

मी लोकांचं बोलणं सांगितलं. यांचा चेहरा पांढरा पडला. खरंच त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. टोपी परत खुंटीला अडकवली, घडी केलेला कागद माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “बाईंना त्रास व्हायला नको.” माझ्या त्रासाबद्दल काही बोलले नाहीत. तो मी त्यांना सांगितलाच नव्हता.

त्यानंतर मी रोज उजेडी, भर बाजारातून, कागद दिसेल असा हातात धरून देवळामागच्या आळीत जाऊ लागले. लोकांनी पाहावं म्हणूनच तशी जायची. बायको स्वतः जाते म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. लोक म्हणाले, काय मोठ्या मनाची आहे. माझ्या मनाचं मला माहीत होतं. बाईंची अब्रू राखणं आणि यांना त्या पायरीवरून उठवणं, ही दोन कामं एकाच फेरीत होत होती, आणि दुसरं मला जास्त गोड वाटत होतं.

तिथे बसून नुसतं पाहायचं कसं, म्हणून बाईंनी मला शिकवायला सुरुवात केली. ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक अक्षर पुढे जायचं. जास्तीचं अक्षर खोडायची खूण वेगळी, सुटलेलं घालायची वेगळी. मी शिकायला तयार झाले ती बाईंची जागा घ्यायची म्हणून. त्यांना ते कळलं होतं की नाही कोण जाणे. त्या हातचं राखून न ठेवता शिकवत राहिल्या, आणि मला त्याचाही राग यायचा. माणसाने थोडं तरी वाईट असावं.

घरी गेल्यावर हे विचारत, “बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. तीन चुका मी काढल्या,” मी सांगायची.

“अरे वा,” असं म्हणून थोडं थांबून, “आणि बाईंनी?”

अशी दोन वर्षं गेली. मग बाईंना पुण्याच्या एका मोठ्या शाळेत बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आपली पट्टी दिली आणि म्हणाल्या, “माझ्यापेक्षा तुमचे डोळे तीक्ष्ण आहेत.” मी ती पट्टी पदराखाली धरली. बोटीपर्यंत पोचवायला आम्ही दोघं गेलो. बोट सुटल्यावर हे धक्क्यावर पुष्कळ वेळ उभे राहिले. मीही राहिले. मला मोकळं वाटत होतं आणि बोट परत फिरावी असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकदम कशा होतात ते मला आजही सांगता येणार नाही.

आता प्रूफ घरी येऊ लागलं. मी ओटीवर बसून तपासायची आणि निकड असली की म्हातारा कोळी स्वतः कागद न्यायला यायचा. त्याला माझं काम पटायला वेळ लागला. पहिल्या पहिल्यांदा कागद उलटसुलट करून म्हणायचा, “वैनी, बाई हितं खून करायची न्हाय. तुमी केलीव.”

“चूक आहे म्हणून केली.”

“व्हय, चूक हाय खरी,” असं म्हणून जायचा. पण बाईंचं नाव घेतल्याशिवाय तोही जायचा नाही. यांचं तर विचारूच नका. अडलेला शब्द आला की “बाई असत्या तर” असं अर्धं वाक्य तोंडातून निघायचं आणि मग माझ्याकडे पाहून ते पाण्याचा घोट घ्यायचे. समोर असलेल्या माणसाशी भांडता येतं. पुण्याला गेलेल्या बाई कधीच चुकत नव्हत्या.

चार-पाच वर्षांनी त्यांचंच काम आमच्याकडे आलं. मुलींसाठी त्यांनी लहान लहान धड्यांचं एक पुस्तक लिहिलं होतं. पुण्यात छापखान्यांना काय तोटा, पण ते आमच्याकडेच छापावं आणि प्रूफं मी तपासावीत, असं त्यांनी कळवलं होतं. हे हरखून गेले. शिशाच्या अक्षरांचे नवे खिळे मागवले, कागद स्वतः मुंबईला जाऊन निवडला. मी सगळं पाहत होते आणि बाईंसाठी काय काय होतंय याचा जुना हिशेब पुन्हा मांडत होते.

पहिलं प्रूफ घेऊन मी बसले ती चुका काढायच्या इराद्याने. छपाईच्या नव्हे, बाईंच्या. कुठे भाषा घसरली असेल, कुठे विचार तोकडा पडला असेल, कुठे पुणेरी मिजास दिसेल. पहिला धडा विहिरीवरच्या बायकांच्या गप्पांचा होता. तो वाचला. दुसरा वाचला. वाक्यं इतकी साधी आणि नेमकी होती की मला वाटलं, हे मीही लिहू शकले असते. मग वाटलं, नाही, मी लिहिलं नाही. यांच्या कौतुकाचा, यांच्या खुललेल्या चेहऱ्याचा हेवा मी कितीतरी वर्षं केला होता. हा त्याहून निराळा होता. यात नवरा कुठेच नव्हता. एका बाईने जे पाहिलं ते तिने मांडून ठेवलं, आणि तेच सगळं पाहिलेली मी कागदावर खुणा करत बसले होते.

संध्याकाळी हे घाईने घरी आले. “झालं तपासून?”

“झालं.”

“बऱ्याच चुका आहेत का?”

“खिळ्यांच्या आहेत. बाईंची एकही नाही.”

“मग तोंड का उतरलंय?”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

यांनी टोपी काढून ठेवली. मला वाटलं, आता बाईंबद्दल काहीतरी बोलतील. पण ते माझ्याजवळ ओटीवर बसले, कागद हातात घेतला आणि माझ्या खुणा एकेक करत शेवटपर्यंत पाहिल्या. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “इथे दीर्घ का केलास?” मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आम्ही वाद घालू लागलो, आणि बोलता बोलता त्यांचे हात हवेत हलायला लागले. दिवेलागण झाली तरी तो वाद चालूच होता. स्वयंपाकाला उशीर झाला, पण त्या दिवशी कुणी त्याबद्दल बोललं नाही.